एकशेचाळीस नंबरचं तेल

शनिवारी सकाळी सव्वासात वाजता दवाखान्याच्या चढावर धाकटीची मोटरसायकल थांबली. इंजिन बंद पडलं नव्हतं. उलट ते बेंबीच्या देठापासून ओरडत होतं. मूठ पिळली की आवाज चढत होता, गाडी चढत नव्हती. पहिल्या गिअरमध्येही तेच. शेवटी तिने ब्रेक दाबून पाय टेकले आणि गाडी मागे घरंगळू नये म्हणून कडेच्या कठड्याला तिरकी लावली.

सायकल हातात धरून उतरणारा पेपरवाला तिच्यापाशी रेंगाळला.

"बाई, आवाज वर पोचला. तुम्ही मागून या सावकाश."

"तुम्ही पेपर टाका," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी आठला, याच चढावर तिची परीक्षा होती. शहरातल्या रक्ततपासणी केंद्रात ती हंगामी कामावर होती. खालच्या वस्तीतल्या दवाखान्यांतून नमुन्यांच्या नळ्या गोळा करायच्या, बसने केंद्रात आणायच्या. टेकडीवरच्या दवाखान्याचा मार्ग मात्र कायम नोकरीचा होता, आणि त्याला स्वतःची मोटरसायकल लागायची. आधीचा माणूस अकरा वर्षं त्या मार्गावर होता. तो निवृत्त झाला म्हणून जागा निघाली. पुढची कधी निघेल हे कोणालाच सांगता येत नव्हतं. परीक्षा साधी होती: बर्फाची पेटी मागे बांधायची, चढाच्या मध्यावर गाडी पूर्ण थांबवायची, पुन्हा सुरू करून वर जायचं. पेटी हलली तरी चालेल, गाडी मागे आली तर चालणार नाही.

गाडी जुनी होती, टू-स्ट्रोक, तिने स्वतःच्या बचतीतून घेतलेली. गुरुवारी तीच गाडी तिला घेऊन दवाखान्यापर्यंत गेली होती. शुक्रवारी तिने घरीच सर्व्हिसिंग केलं. एअर फिल्टर धुतला, प्लग बदलला, चेन ताणली, ब्रेकच्या तारा सोडवून पुन्हा बसवल्या. राहिलं होतं फक्त गिअर ऑइल.

घराच्या मागच्या पडवीत हे सगळं चाललेलं असताना तिचे वडील खुर्ची टाकून बसले होते. त्यांना घरात आणि गल्लीत सगळे तात्या म्हणत. जन्मभर ट्रक चालवून डोळे अधू झाल्यावर ते उतरले होते. आता ट्रक मोठा मुलगा चालवत होता आणि तात्या घर चालवत होते, निदान त्यांची तशी समजूत होती.

"तेल कुठलं घालणार?"

"आणते दुकानातून."

"दुकानातून? ट्रकवाल्याच्या घरात तेल विकत आणायचं? लोक तोंडात बोटं घालतील."

त्यांनी कोपऱ्यातला डबा पुढे ओढला. मोठ्या मुलाने ट्रकच्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या गोळ्यात, तेल भरलं होतं. त्यातलं हे उरलेलं. एकशेचाळीस नंबर. तात्यांनी त्यात बोट बुडवलं, अंगठ्याला टेकवलं आणि दोन्ही हळूहळू लांब नेले. मध्ये तेलाची तार ताणली गेली, तुटली नाही.

"बघ. दोन तारी."

आतल्या खोलीत आईचं शिलाई मशीन थांबलं. "अहो, ते गाडीत घालायचंय. पाक नाही करायचा."

या घरात तेलाची पारख अशीच होत आली होती. तात्यांच्या वडिलांनी तशीच केली, तात्यांनी केली, मोठा मुलगा आजही करतो. बोटावर घ्यायचं, तार ओढायची; टिकली तर तेल चांगलं. ट्रकच्या गोळ्याच्या बाबतीत ही पारख कधी चुकली नव्हती. तिथे दातेरी चाकांचे दात एकमेकांवर घासतात, आणि मध्ये जितकं चिवट तेल तितकं बरं. मोटरसायकल मात्र या घरात पहिल्यांदाच आली होती. धाकटीने दोन मिनिटं वाद घातला, मग परीक्षेच्या तोंडावर कटकट नको म्हणून तेच तेल ओतलं.

शनिवारी सकाळी इंजिन सुरू केल्यावर पहिला गिअर टाकताना गाडीने धक्का देऊन पुढे उडी मारली, तेव्हाच तिला जरा चुकल्यासारखं वाटलं होतं. बाकीचं चढाने सांगितलं.

ती उतारावरून इंजिन बंद ठेवूनच खाली आली. पडवीत गाडी उभी केली तेव्हा तात्या दात घासत होते. सगळं ऐकून त्यांनी चूळ भरली आणि निकाल दिला.

"प्लेटा गेल्या. क्लचप्लेटा."

तिने सुट्या भागांच्या दुकानात फोन लावला. या मॉडेलच्या प्लेटा मागवाव्या लागतील, बुधवारपर्यंत येतील, असं उत्तर आलं.

"मग राहू दे यंदा," तात्या म्हणाले. "पुढच्या वेळी दे परीक्षा."

"अकरा वर्षांनी?"

"मी काय म्हणतो—"

"तात्या, गुरुवारी गाडी वर गेली. आज गेली नाही. मधे काय बदललं?"

"प्लग बदललास."

"प्लगने क्लच सरकतो?"

"चेन ताणलीस."

"तात्या."

"तेलाचं म्हणत असशील तर ऐकून घे. तेल नसल्याने गाड्या थांबलेल्या मी जन्मभर पाहिल्यात. तेल असल्याने थांबलेली एक दाखव."

"दाखवते," धाकटी म्हणाली आणि पाने घेऊन खाली बसली.

तिने तळाचा बोल्ट काढला. इंजिन अजून गरम होतं, तरी तेल घमेल्यात मधासारखं सावकाश उतरलं. मग तिने किक आणि गिअरचा दांडा काढला, बाजूच्या झाकणाचे स्क्रू एकाआड एक सैल केले आणि लाकडी ठोकळ्याने झाकण हलकेच ठोकून मोकळं केलं. झाकणाच्या सांध्यातलं कागदी गॅस्केट फाटलं. आत क्लच दिसला. त्याच्या कडेवरून तेल ठिबकत होतं.

तात्या खुर्चीवरून उठले. चष्मा पुसून जवळ आले.

"हे तेल कुठून गळालं याच्यावर?"

"गळालं नाही. हा तेलातच असतो."

"क्लच?"

"हो."

"तेलात?"

"गिअर आणि क्लच एकाच पेटीत आहेत, तात्या. दोघांना मिळून एकच तेल."

ट्रकचा क्लच कोरडा असतो. त्याच्यावर तेल येणं हे ट्रकवाल्याचं सगळ्यात वाईट स्वप्न. एकदा इंजिनाच्या मागच्या सीलमधून जरासं तेल क्लचवर झिरपलं होतं, आणि सिमेंट भरलेला ट्रक घेऊन तात्या डोंगरातल्या वळणावर तासभर मागच्या चाकांना दगड लावून बसले होते. ती गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. त्या दिवशीही इंजिन ओरडत होतं आणि गाडी हलत नव्हती. आता ती कोणी काढली नाही. काढायची गरजही नव्हती. ती त्यांच्या चेहऱ्यावरच आली होती.

"हे बघा," धाकटी म्हणाली. "दातांना घसरायला पाहिजे. प्लेटांना एकमेकींना धरायला पाहिजे. तुमच्या तेलात घसरवायचं औषध भरपूर आहे. ट्रकच्या गोळ्यात ते लागतंच, तिथे प्लेटा नाहीत. इथे तेल असं हवं की दातही झिजू नयेत आणि प्लेटाही सुटू नयेत."

"म्हणजे सासूलाही सांभाळायचं आणि नवऱ्यालाही," आई दारात येऊन म्हणाली. "मग सोपं नाही ते."

तात्यांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. ते वाकून क्लचकडे बघत होते. मग सरळ होत त्यांनी विचारलं, "मग कुठलं तेल लागतं याला?"

तेलाबद्दल तात्यांनी दुसऱ्याचा सल्ला विचारल्याची या घरात ही पहिलीच नोंद.

तेलाच्या दुकानात जमिनीपासून छतापर्यंत डबे होते. दुकानदार शिडीवर उभा राहून धूळ झटकत होता.

"गिअर ऑइल हवंय. मोटरसायकलचं."

त्याने शिडीवरूनच एक चकचकीत डबा खाली दिला. "हे न्या. गाडी लोण्यासारखी चालेल. पेट्रोलही वाचेल. मोटारवाले दुसरं मागत नाहीत."

तिने डबा फिरवून बघितला. मोटारीच्या इंजिनाचं तेल होतं. घर्षण कमी करतं, असं समोरच ठळक लिहिलं होतं. त्याच कारणासाठी तिने तो परत वर धरला.

"माझा क्लच तेलात बुडालेला असतो. चालेल?"

दुकानदार शिडीवरून उतरला. "मग नाही चालणार. आधी सांगायचं नाही का! कुठली गाडी? टू-स्ट्रोक? म्हणजे इंजिनाचं तेल पेट्रोलमधून जातं आणि गिअरचं वेगळं. बरोबर?"

"बरोबर."

त्याने काउंटरवर दोन डबे ठेवले. एकावर ऐंशी नंबर, मोटरसायकल गिअर ऑइल. दुसऱ्यावर चाळीस, फोर-स्ट्रोक मोटरसायकलच्या इंजिनाचं. दोन्हींवर, तेलातल्या क्लचला योग्य, असं बारीक अक्षरांत छापलेलं होतं.

"ऐंशी म्हणजे चाळीसच्या दुप्पट घट्ट?"

"हीच तर सगळ्यांची चूक होते," तो म्हणाला. "गिअर ऑइलचं माप वेगळं, इंजिन ऑइलचं वेगळं. तुमच्या चपलेचा नंबर सहा आहे आणि तुमच्या आजीच्या चष्म्याचा नंबर सहा आहे, म्हणून तुम्ही चष्मा पायात घालाल का? हे दोन डबे घट्टपणात जवळपास सारखेच आहेत."

"मग कुठलं घेऊ?"

"गाडी तुमची आहे. मी दोन्ही विकतो."

तिने जरा विचार केला. चाळीस नंबरनेही गाडी चढली असती. पण तिच्या गाडीत हे तेल इंजिनाकडे जाणारच नव्हतं; काजळी धुण्याचं, ज्वलनाचा कचरा धरून ठेवण्याचं काम त्याला नव्हतं. दात आणि प्लेटा, एवढंच काम. त्या कामासाठी बनवलेलं तेल समोर होतं. तिने ऐंशी नंबर उचलला, आणि एक नाही, दोन डबे.

"एक पुरेल की."

"एक गाडीला. एक चूक धुवायला."

ती परतली तेव्हा तात्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या होत्या. प्लेटांचं काम त्यांना येत होतं. त्या सिमेंटच्या ट्रकने शिकवलं होतं. तिने स्प्रिंगा सोडवून प्लेटा एकेक करून काढल्या, कुठली कुठल्यानंतर हे बघत कागदावर रांगेने मांडल्या. तात्यांनी त्या रॉकेलमध्ये धुतल्या, पुसल्या, पुन्हा धुतल्या. लोखंडी प्लेटांवर आरशासारखी चकाकी आली होती. ती त्यांनी काचेवर पॉलिश पेपर ठेवून गोल गोल घासून घालवली. कॉर्कच्या प्लेटा त्यांनी डोळ्यांजवळ धरून बघितल्या.

"जळलेल्या नाहीत," ते म्हणाले. "तू मूठ वेळेवर सोडलीस."

तात्यांकडून स्तुती ही अशीच, आडवाटेने यायची.

सगळ्या प्लेटा खडखडीत कोरड्या करून त्यांनी अभिमानाने तिच्यापुढे सरकवल्या. धाकटीने नव्या तेलाचा डबा उघडला, ताटलीत तेल ओतलं आणि कॉर्कची पहिली प्लेट त्यात बुडवली.

"अगं! अगं बये, काय करतेस!"

"भिजवतेय. कोरड्या बसवल्या तर जळतील."

"एवढा वेळ मी काय हमाली केली मग?"

"तुम्ही वाईट तेल काढलंत. मी चांगलं लावतेय."

तात्या पाठ फिरवून बसले. त्यांच्याच्याने ते बघवत नव्हतं.

गॅस्केटचा प्रश्न राहिला. तिने येताना गॅस्केटचा जाड कागद आणला होता, पण तो झाकणाच्या आकारात, आतल्या नागमोडी कडेसह, स्क्रूच्या भोकांसह कापायचा होता. घरात असं कापू शकणारी एकच व्यक्ती होती आणि तिची कात्री कापडाखेरीज कशालाच लागलेली नव्हती. एकदा तात्यांनी त्या कात्रीने पिशवीचं तोंड कापलं होतं तेव्हा दोन दिवस अबोला झाला होता.

"आई."

"नाही."

"आई, उद्या आठला—"

"तुझ्या बापाने तेल चुकवायचं आणि माझ्या कात्रीने निस्तरायचं?" आई म्हणाली. पण कागद तिने हातात घेतला होता. झाकणाची कड तेलाच्या बोटाने कागदावर उमटवून घेतली, खडूने भोकं टिपली. ब्लाउजचा गळा कापावा तशी न थांबता एका दमात आतली कड फिरवली. कागद झाकणावर ठेवला तेव्हा कुठे केसभरही कमीजास्त नव्हता.

"कात्रीला आता धार लावून आणायची," ती तात्यांना म्हणाली. "तुम्ही."

दुपारी झाकण बसलं. धाकटीने नवं तेल भरलं, इंजिन थोडा वेळ चालवलं, सगळे गिअर फिरवले आणि तेच तेल पुन्हा काढून टाकलं. कानाकोपऱ्यात राहिलेलं एकशेचाळीस नंबर त्याच्याबरोबर निघालं. घमेल्यात त्याचा उग्र गंधकासारखा वास अजून येत होता. मग दुसऱ्या डब्यातलं तेल, मापाने.

"आता भिंत," तात्या म्हणाले.

ही ट्रकवाल्यांची जुनी चाचणी. तात्यांनी गाडीचं पुढचं चाक पडवीच्या भिंतीला टेकवायला लावलं. तिसरा गिअर, थोडी रेस, आणि क्लच सोडायचा. क्लच सरकत असेल तर इंजिन चालू राहतं. क्लचने धरलं तर इंजिनाला पुढे जायला जागा नाही, ते मरतं.

धाकटीने दात आवळून क्लच सोडला.

गाडीने भिंतीला एक टक्कर दिली आणि खटकन बंद पडली.

गाडी बंद पडली म्हणून या घरात टाळ्या पडल्याची ही पहिलीच वेळ. आईनेही वाजवल्या. शेजारणीने खिडकीतून विचारलं, "काय झालं?" तात्यांनी ओरडून सांगितलं, "बंद पडली!" शेजारणीने खिडकी लावून घेतली.

पण भिंत म्हणजे चढ नव्हे. रविवारी आठला चढाच्या पायथ्याशी चार उमेदवार होते. केंद्रप्रमुख बाईंनी प्रत्येकाच्या गाडीमागे पेटी बांधून घेतली. आत बर्फ आणि वाळूच्या पिशव्या. मध्यावर रस्त्यावर खडूची रेघ. तात्या आणि आई कठड्याला टेकून उभे होते. तात्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. परीक्षा जणू त्यांचीच होती, आणि एका अर्थाने ते खरंच होतं.

पहिला उमेदवार वर गेला, जरा हेलपाटत, पण गेला. दुसऱ्याची गाडी नवी कोरी होती. रेघेवर तो थांबला, पुन्हा निघाला, आणि इंजिन ओरडायला लागलं. आवाज चढत होता, गाडी चढत नव्हती. करपल्याचा वास खालपर्यंत आला. शेवटी ती मागे आली आणि दोघांनी धावत जाऊन धरली.

"त्याच्याही घरी ट्रक आहे वाटतं," आई हळूच म्हणाली.

"गप बस," तात्या म्हणाले.

तिसरी धाकटी. पायथ्यापासून रेघेपर्यंत गाडी गेली. रेघेवर तिने ब्रेक दाबला, दोन्ही पाय टेकले. पेटीच्या वजनाने मागचं चाक खाली ओढत होतं. बाईंनी मनात काहीतरी मोजलं आणि हात खाली केला.

तिने रेस दिली. आवाज चढला. क्लच सोडायला लागली तरी आवाज चढतच राहिला, आणि एक क्षण, फार तर एक श्वास, गाडी जागची हलली नाही. कठड्यापाशी तात्यांनी आईचं मनगट धरलं.

मग आवाज खाली आला. तो खाली यावा म्हणूनच कालचा सगळा दिवस गेला होता. प्लेटांनी एकमेकींना धरलं, आवाजाचं ओझं चाकात उतरलं आणि गाडी रेघ सोडून निघाली. एक इंचही मागे न येता. दुसरा गिअर. वळण. दवाखान्याच्या फाटकापाशी तिने हॉर्न वाजवला, जो परीक्षेत कुठेच नव्हता. खाली तात्या दोन्ही हात वर करून असे ओरडले की चौथा उमेदवार दचकला आणि त्याची गाडी सुरू होण्याआधीच बंद पडली.

चढ चालत जायची मनाई तात्यांना डॉक्टरांनी केलेली होती. ते वर पोचले तेव्हा धापा टाकत होते. केंद्रप्रमुख बाई धाकटीच्या गाडीजवळ उकिडव्या बसून इंजिनाची बाजू बघत होत्या.

"हे झाकण कोणी उघडलं होतं?"

"मी. काल."

"गॅस्केट?"

"घरचंच. आईने कापलं."

"तेल कुठलं घातलंत?"

धाकटीने तोंड उघडायच्या आत तात्या पुढे झाले. "बाई, तेलाचं असं असतं, सगळ्यात आधी क्लच कुठे बसतो ते बघायचं. घट्टपणावर जायचं नाही. नंबरावर तर मुळीच जायचं नाही. लोक इथेच फसतात."

"कधीपासून करता हे काम?" बाईंनी आदराने विचारलं.

"कालपासून," मागून धापा टाकत आलेली आई म्हणाली.

बाई हसल्या नाहीत. केंद्राच्या स्वतःच्या दोन मोटरसायकली महिनाभर पडून आहेत, त्यांनी सांगितलं. दोन्ही चढावर अशाच ओरडतात. प्लेटा बदलून झाल्या, तरी पुन्हा तेच. तेल कुठलं घातलं जातं, हे मात्र कोणी विचारलेलं नाही. मग त्या धाकटीकडे वळल्या.

"उद्या दहाला केंद्रात या. येताना पाने घेऊन या."

"परीक्षेचं?"

"यादी उद्या लागेल," बाई म्हणाल्या आणि चौथ्या उमेदवाराला हाक मारायला वळल्या. तो वर पोचला. त्याचीही गाडी मागे आली नाही.

म्हणजे चढलेले तिघे आणि जागा एक. पाने कशासाठी, यावर घरी दुपारभर खल झाला. तात्यांच्या मते नोकरी पक्की आणि वर केंद्राच्या गाड्यांची दुरुस्तीही तिच्याच ताब्यात. आईच्या मते नोकरी दुसऱ्याला आणि हिला नुसतीच फुकटात राबवायची. धाकटीने कोणाचंच मत खोडून काढलं नाही. तिने पाने पुसून पिशवीत भरले, आणि केंद्राच्या दोन गाड्यांचे क्लच तेलात असतात की कोरडे, हे विचारायला केंद्राच्या रखवालदाराला फोन केला. त्याला ते माहीत नव्हतं. बघून सांगतो म्हणाला.

रविवारी संध्याकाळी सात वाजेपर्यंत त्याचा फोन आलेला नाही. यादी तर केंद्राच्या दारावर उद्याच लागणार आहे.